रात्रीच्या उद्यानात पाहुण्यांसह : वाचकांचे प्रश्न

सिंगापूरच्या मंडाई भागात ‘नाइट सफारी’ नावाचे केवळ रात्रीच उघडणारे प्राणिउद्यान आहे. गेल्या अंकात या स्तंभात त्याचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. पहिले पत्र प्रत्यक्ष बेत आखणाऱ्या वाचिकेचे असल्यामुळे त्याला सर्वांत अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : आम्ही काही वर्षांपासून सिंगापुरात राहतो. पुढील महिन्यात माझ्या यजमानांचे महाविद्यालयातील मित्र पुण्याहून सपत्नीक येत असून त्यांच्यासोबत सत्तरी ओलांडलेल्या त्यांच्या आई आणि सात वर्षांचा मुलगाही असेल. त्यांना एका संध्याकाळी नाइट सफारीला न्यावे, असा विचार आहे. परंतु येथील काही परिचित म्हणतात की ट्रॅममध्ये बसून अंधारात काहीही दिसत नाही, पैसे मात्र पुष्कळ जातात. इतर काहींच्या मते सिंगापुरात पाहण्यासारखे तेवढे एकच आहे. आम्ही स्वतः अद्याप गेलेलो नाही. बेत कसा करावा? — एक वाचिका, सिंगापूर

उत्तर : आपल्या परिचितांपैकी पहिल्यांनी बहुधा केवळ ट्रॅमची फेरी घेतली असावी आणि दुसरे पायी हिंडले असावेत. या उद्यानाविषयीचे बहुतेक मतभेद येथूनच निर्माण होतात. सुमारे ४० मिनिटांची ट्रॅमची फेरी तिकिटातच अंतर्भूत असल्याने आत शिरताच सगळे लोक तिच्या रांगेत उभे राहतात, फेरी संपली की दुकानात डोकावतात आणि घरी जातात. वास्तविक ट्रॅम ही या जागेची केवळ ओळख आहे. चालत्या गाडीतून एखादा प्राणी दहा-वीस सेकंद दिसतो आणि तो झाडामागे असला तर तोही दिसत नाही. पायवाटेवर मात्र त्याच झाडासमोर पाच मिनिटे थांबण्याची मुभा असते आणि रात्रीच्या प्राण्याला पाहायचे तर बहुधा तेवढा वेळ द्यावाच लागतो. तेव्हा बेत आखताना ट्रॅम मध्ये ठेवावी आणि तिच्या अलीकडे व पलीकडे चालणे ठेवावे, एवढे एक सूत्र पाळले तरी पुरे.

दिवस निवडताना पाहुण्यांचा पहिला दिवस टाळावा. भारतातून येणारी बरीच विमाने रात्रभर प्रवास करून पहाटे किंवा सकाळी पोहोचतात. त्या दिवशी माणसे हसतमुख दिसली तरी संध्याकाळी सातनंतर त्यांच्यात काही उरत नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र घड्याळ आपल्या बाजूचे होते. सिंगापूरची वेळ भारताच्या अडीच तास पुढे असल्याने येथे रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा पुण्याच्या घड्याळात जेमतेम साडेआठ झालेले असतात. सात वर्षांचा मुलगा एरवी झोपेने पेंगला असता, तोच या हिशेबाने रात्री साडेदहालाही ताजातवाना असतो. त्याची किंमत दुसऱ्या सकाळी चुकवावी लागते, म्हणून त्या सकाळसाठी कोणताही बेत ठेवू नये. त्याच दिवशी दुपारी शेजारचे दिवसाचे प्राणिसंग्रहालय उरकून संध्याकाळी येथे यावे, असा सल्ला अनेकजण देतात, कारण दोन्ही तिकिटे एकत्र घेतल्यास स्वस्त पडतात. आपल्यासोबत वयस्कर बाई असताना हा सल्ला मानू नये.

उद्यान संध्याकाळी सव्वासातला उघडते आणि मध्यरात्री बंद होते. तिकिटावर प्रवेशाची वेळ नेमलेली असल्याने ते आधीच घेऊन ठेवणे इष्ट, विशेषतः शनिवार-रविवारी आणि शाळांच्या सुट्यांत. आपण अगदी पहिली वेळ घ्यावी, असे आम्ही सुचवू. मात्र आत गेल्यावर सगळे ज्या ट्रॅमच्या रांगेकडे धावतात तिच्याकडे पाठ फिरवून प्रवेशाजवळच सुरू होणारी ‘फिशिंग कॅट ट्रेल’ ही पायवाट धरावी. याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे उजेडातून आलेल्या डोळ्यांना अंधार सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ रांगेतल्या दिव्यांखाली घालवला तर तो वाया जातो, पायवाटेवर घालवला तर कामी येतो. दुसरे असे की संध्याकाळी नुकताच अंधार पडलेला असताना प्राणी उठून हिंडू-फिरू लागलेले असतात आणि खाण्याच्या शोधात असतात. ज्या मांजरावरून पायवाटेला नाव पडले आहे ते पाण्याकाठी दबा धरून पंजाने आणि तोंडाने मासे पकडणारे रानमांजर आहे. भारतात ते सुंदरबनात आणि पूर्वेकडील पाणथळ प्रदेशात आढळते; महाराष्ट्रातून येणाऱ्याने ते पाहिलेले असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच.

ही वाट संपेपर्यंत ट्रॅमची पहिली गर्दी ओसरलेली असते. ट्रॅमला छप्पर असते पण बाजू उघड्या असतात, त्यामुळे कडेची जागा मुलाला द्यावी आणि हात बाहेर काढायचे नाहीत हे आधीच समजावून सांगावे. मार्गात आशियाई हत्ती, एकशिंगी गेंडा, गीरच्या जातीचे सिंह, तरस, अस्वल, तापीर आणि हरणांच्या अनेक जाती भेटतात. काही ठिकाणी चितळासारखी हरणे रस्त्याला इतकी लगटून उभी असतात की मध्ये कुंपण कसे नाही याचे नवल वाटते. प्रत्यक्षात अडथळे सगळीकडे आहेत, केवळ ते दिसू नयेत अशी योजना आहे : कोठे झाडीआड खंदक, कोठे पाणी, तर रस्त्यावर लोखंडी पट्ट्यांची जाळी, जिच्यावर खुरांचे प्राणी पाय ठेवत नाहीत.

येथे आपल्या पाहुण्यांपैकी कोणीतरी, बहुधा मित्रच, म्हणेल की चितळ, सांबर आणि अस्वल पाहायला सिंगापूरला कशाला यायला हवे होते. त्याला उत्तर देण्याचे कारण नाही, पण मनात असू द्यावे की तरस पुणे जिल्ह्याच्या माळरानावर असूनही तो निवांतपणे चालताना पाहिलेला पुणेकर शोधावाच लागतो. सिंहांचेही तसेच. जगातील मुक्त आशियाई सिंह केवळ गुजरातेत उरले असून २०२५ च्या गणनेत त्यांची संख्या ८९१ भरली. ते पाहायला सासणगीरला जायचे ठरवून न गेलेली कुटुंबे आपल्या ओळखीतच निघतील.

ट्रॅममधून उतरल्यावर मंडळींची दोन भागांत विभागणी करावी. आजींना दमल्यासारखे वाटत असेल तर त्यांना प्रवेशाजवळच्या उपाहारगृहात बसवून कोणी एकाने त्यांच्यासोबत थांबावे. पायवाटा पक्क्या आहेत, चाकांची खुर्चीही भाड्याने मिळते, त्यामुळे त्यांची इच्छा असेल तर त्यांना अडवू नये. मात्र चढ-उतार आणि दमट हवा यांचा विचार करून दोन लांब वाटा एकामागून एक लादू नयेत. उरलेल्यांनी ‘लेपर्ड ट्रेल’ धरावी. येथे बिबट्या काचेपलीकडे असतो, आणि अगदी काचेशी येऊन बसला तर मुलगा तेथून हलणार नाही. त्याला हलवू नये. वटवाघळांच्या प्रशस्त जाळीदार दालनातून चालत जाता येते, तेव्हा कोणाला त्याची भीती वाटत असेल तर आधी विचारून घ्यावे. उडती खार, साळिंदर, उदमांजराच्या जाती, मोठ्या डोळ्यांचा लोरिस ही सारी लहानसहान मंडळी पायवाटांवरच पाहण्यासारखी आहेत. पायांत बळ उरले असेल तर ‘ईस्ट लॉज ट्रेल’वर मलायी वाघ आहे. सगळे पाहिलेच पाहिजे, असा अट्टहास करू नये. एखादे दालन रिकामे दिसले तर ते रिकामे आहे असे समजून पुढे न जाता मिनिटभर थांबून पाहावे आणि तरीही काही दिसले नाही तर खुशाल पुढे जावे.

‘क्रीचर्स ऑफ द नाइट’ नावाचा वीसेक मिनिटांचा प्राण्यांचा कार्यक्रम असतो आणि त्याच्या जागा स्वतंत्रपणे राखाव्या लागतात. मुलाला तो आवडेल. मोठ्यांसाठी त्यापायी पायवाटेचा वेळ खर्च करावा, असे आम्हाला वाटत नाही. प्रवेशद्वारापाशी आगीचे खेळही होतात, पण त्यांच्या झगझगाटाने अंधाराला सरावत आलेले डोळे पुन्हा मूळपदावर येतात, एवढे ध्यानात ठेवून काय ते ठरवावे.

जेवण आधीच उरकून घ्यावे, हे उत्तम. पाहुणे शाकाहारी असतील तर सेरंगून मार्गावरील १९४७ पासूनचे ‘कोमला विलास’ सर्वांना परिचित आहे. तेथून लिटल इंडिया स्थानकावरून डाउनटाउन मार्गाने एकच स्थानक पुढे न्यूटनला उतरावे आणि तेथून नॉर्थ-साउथ मार्गाने खातीबला जावे. खातीबहून उद्यानाची बस मिळते. रस्त्याने टॅक्सी केली तर पोहोचायला साधारण अर्धा तास लागतो. परतीच्या वेळी मात्र बारा वाजेपर्यंत रेंगाळू नये, कारण मध्यरात्रीनंतर येथील टॅक्सीच्या मीटरवर पन्नास टक्के अधिभार लागतो आणि नेमक्या त्याच वेळी सगळे उद्यान टॅक्सीच्या रांगेत उभे असते. सव्वाअकराला निघालेले बरे.

पावसाचे सांगायचे तर तो सिंगापुरात कोणत्याही महिन्यात येतो, नोव्हेंबर ते जानेवारीत अधिक. उद्यान पावसातही चालू राहते, पण विजा चमकू लागल्या की उघड्यावरचे कार्यक्रम रद्द होतात. छत्रीपेक्षा अंगावरचा पातळ रेनकोट सोयीचा. डासांचे मलम विसरू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, भ्रमणध्वनीचा फ्लॅश बंद आहे याची खात्री मुलापेक्षा त्याच्या वडिलांकडून करून घ्यावी. अनेक वर्षांनी भेटलेल्या मित्रांना बोलायचे पुष्कळ असते, हेही आम्ही जाणतो. त्यासाठी ट्रॅमची रांग आणि दोन पायवाटांमधला रस्ता योग्य आहे. दालनासमोर उभे असताना बोलणे आवरावे.

प्रश्न : निशाचर प्राण्यांवर रोज रात्री दिवे सोडून माणसांचे जथे फिरवायचे, हा क्रूरपणा नव्हे काय? दिवसाच्या प्राणिसंग्रहालयापेक्षा यात काय बरे आहे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आपला आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. परंतु हे उद्यान कोणत्या अडचणीतून जन्मले, ते आधी पाहावे लागेल. जगातील सस्तन प्राण्यांच्या जातींपैकी दोन तृतीयांशाहून अधिक जाती निशाचर आहेत. त्यांना दिवसा उघडणाऱ्या संग्रहालयात ठेवले की पाहणाऱ्याला कोपऱ्यात झोपलेले एक गाठोडे दिसते आणि पोरे काठी वाजवून त्याला उठवू पाहतात, हे मुंबईच्या राणीच्या बागेत लहानपण गेलेल्या कोणालाही सांगायला नको. त्यावर जुना उपाय म्हणजे दिवस-रात्रीची अदलाबदल. बंद इमारतीत रात्री लख्ख दिवे लावून प्राण्यांना झोपवायचे आणि दिवसा मंद तांबडा प्रकाश ठेवून त्यांना रात्र झाल्याचे भासवायचे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात १९६९ मध्ये अशी मोठी इमारत उभी राहिली आणि २००९ मध्ये ती बंद करण्यात आली. अशा इमारतीत वटवाघळे आणि लोरिस ठेवता येतात. हत्ती, गेंडा आणि सिंह कोठे ठेवणार?

सिंगापूरचे दिवसाचे प्राणिसंग्रहालय १९७३ मध्ये सुरू झाले. त्याचे तत्कालीन प्रमुख डॉ. ओंग स्वी लॉ यांनी १९८० च्या दशकात प्राण्यांची वेळ बदलण्याऐवजी माणसांची वेळ बदलण्याची कल्पना मांडली. कोलंबोच्या प्राणिसंग्रहालयाचे माजी संचालक लिन डी अल्विस यांनी सल्लागार म्हणून आराखड्याला आकार दिला आणि प्रकाशयोजनेचे काम सायमन कॉर्डर या ब्रिटिश प्रकाशयोजनाकाराकडे आले, जो मुळात रंगभूमीवरचा माणूस होता. वरच्या सेलेतार जलाशयाकाठच्या ३५ हेक्टर दुय्यम, म्हणजे एकदा तुटून पुन्हा वाढलेल्या, जंगलात, सुमारे ६ कोटी ३० लाख सिंगापूर डॉलर खर्चून उभे राहिलेले हे उद्यान २६ मे १९९४ रोजी खुले झाले. अशा प्रकारचे ते जगातले पहिले.

रंगभूमीचा माणूस निवडण्यात शहाणपण होते. मराठी नाट्यरसिकांना हे वेगळे सांगायला नको की मंचावरचे चांदणे खरे चांदणे नसते. ते उंचावरून, थंड छटेत आणि असे सोडावे लागते की प्रेक्षकाला दिवा न दिसता केवळ उजळलेली वस्तू दिसावी. येथेही दिवे झाडांच्या उंचीवर आहेत, प्राण्याच्या डोळ्यांच्या पातळीवर नाहीत, आणि दालनात उजेडाबरोबर अंधाराचे कोपरेही राखलेले आहेत. प्राणी उजेडात यावा म्हणून त्याचे अन्न तेथे ठेवले जाते. तो खाऊन अंधारात निघून गेला तर त्याला परत आणले जात नाही. म्हणूनच काही दालने रिकामी दिसतात आणि पाहुणे तक्रार करतात. ही तक्रार आम्ही उद्यानाच्या बाजूची साक्ष समजतो.

तरीही दोन गोष्टी कबूल केल्या पाहिजेत. एक, हा प्रकाश चांदण्यासारखा दिसतो, पण खऱ्या पौर्णिमेपेक्षा उजळ आहे. नसता तर माणसांना काहीच दिसले नसते. दुसरी, हत्तीसारखा रात्रीतून कोसन्‌कोस चालणारा प्राणी कोणत्याही उद्यानात बंदिवानच असतो आणि कुंपण लपवल्याने ते नाहीसे होत नाही, ते केवळ आपल्या नजरेआड होते. सुंदा खवले मांजरासारख्या, चोरट्या शिकारीमुळे अत्यंत संकटात सापडलेल्या प्राण्याची पिल्ले येथे जन्मली आहेत, ही जमेची बाजू मोठी आहे. परंतु ती खवले मांजरासाठी मांडता येते, सिंहासाठी तितक्या जोराने नाही. आपण जाणार असाल तर हे सर्व माहीत असून जावे. न जाण्याचे ठरवले तरी आम्ही आग्रह करणार नाही.

प्रश्न : काही प्राण्यांचे डोळे अंधारात चमकतात आणि माणसाचे चमकत नाहीत, असे का? वर्गात सांगायचे आहे. — एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : मांजर, वाघ, हरीण, गाय अशा अनेक प्राण्यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलाच्या मागे प्रकाश परावर्तित करणारा एक थर असतो. डोळ्यात शिरलेला जो प्रकाश दृष्टिपटलावरील पेशींनी टिपला नाही, तो या थरावरून उलटून पुन्हा त्याच पेशींवर येतो, म्हणजे मंद प्रकाशात त्यांना पाहण्याची दुसरी संधी मिळते. त्यातूनही निसटलेला प्रकाश डोळ्याबाहेर येतो आणि आपल्याला चमक दिसते. हा डोळ्याचा स्वतःचा प्रकाश नव्हे, हे मुलांना आवर्जून सांगावे. पूर्ण काळोखात कोणाचाही डोळा चमकत नाही. माणसाच्या आणि माकडांच्या डोळ्यांत हा थर नसतो.

माणसाला अंधारात दिसू लागते ते वेगळ्या कारणाने. मंद प्रकाश टिपणाऱ्या आपल्या दंडपेशींतले ऱ्होडॉप्सिन नावाचे रंगद्रव्य तीव्र उजेडात विघटित होते आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होते. ते पुरते साठायला अर्धा तास लागतो, पण भ्रमणध्वनीच्या पडद्याकडे काही क्षण पाहिले तरी बराचसा साठा निकामी होतो. तांबड्या प्रकाशाचा दंडपेशींवर परिणाम फारसा होत नसल्याने आकाशनिरीक्षक तांबडी विजेरी वापरतात. वर्गात करून दाखवायचे असल्यास मुलांनी उजेडाच्या खोलीत असतानाच एका डोळ्यावर पंधरा मिनिटे जाड रुमाल बांधावा आणि नंतर अंधाऱ्या खोलीत जाऊन दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने पाहावे. फरक सांगावा लागत नाही.

प्रश्न : गेल्या वर्षी मुलीकडे सिंगापूरला गेलो असता आम्ही हे उद्यान पाहिले. तेथे एका जागी मला ताज्या आंबेमोहोर भाताचा वास आला. मी तसे म्हणताच घरचे सगळे हसले आणि तुम्हाला भूक लागली आहे, असे म्हणाले. हा माझा भ्रम होता काय? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भ्रम नव्हता, आणि हसणाऱ्यांना हा अंक दाखवावा. आपण ज्या दालनापाशी होता तेथे बहुधा बिंतुरोंग असावा. अस्वलासारखा केसाळ, मांजरासारख्या तोंडाचा आणि शेपटीने फांदी धरणारा हा प्राणी उदमांजराच्या कुळातला असून भारतात तो ईशान्येकडील जंगलांत आढळतो. त्याच्या मूत्रात २-ॲसिटिल-१-पायरोलीन नावाचे संयुग असते. हेच संयुग आंबेमोहोर आणि बासमतीच्या सुगंधाचा मुख्य घटक आहे. मक्याच्या लाह्या फुटताना येणारा वासही त्याचाच, म्हणून पाश्चात्त्य लोकांना बिंतुरोंगजवळ लाह्यांची आठवण होते. सिंगापुरात घरोघरी केकमध्ये आणि भातात घालतात त्या पांदानच्या पानांतही ते असते. बिंतुरोंग हिंडताना आपले पाय आणि शेपूट मूत्राने ओले करतो आणि फांद्यांवर वास ठेवत जातो. हा त्याचा इतर बिंतुरोंगांसाठीचा निरोप असतो. भाताच्या अंगाने त्याची दखल घेणारे आपणच.

प्रश्न : आमच्या जिल्ह्यात ताडोबा असताना लोक परदेशात जाऊन पिंजऱ्यातले वाघ रात्री पाहतात, याचे आश्चर्य वाटते. आणि तसे उद्यान इतके चांगले असेल तर ते आपल्याकडे का होत नाही? — एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : आपल्या पत्रातील दोन वाक्ये एकमेकांशी थोडी भांडतात, पण दोन्हींत तथ्य आहे. ताडोब्याची आणि मंडाईची तुलना मुळात होऊ नये. ताडोब्यात वाघ स्वतःच्या कामाने निघालेला असतो आणि दिसला तर आपले नशीब. मंडाईत तो दिसावा अशी व्यवस्था केलेली असते. व्याघ्रप्रकल्पांच्या बफर क्षेत्रांत रात्रीच्या फेऱ्या काढण्याचे प्रयोग महाराष्ट्रासह काही राज्यांत झाले आहेत आणि त्यांवर आक्षेपही घेतले गेले आहेत. आमचे मत आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने आहे. मुक्त वन्य प्राण्याच्या तोंडावर गाडीतून प्रखर झोत टाकल्याने त्याची शिकार हुकते, हरीण जागच्या जागी खिळते, पिल्ले आईपासून फुटतात, आणि यातले काहीही उद्यानातल्या मंद, स्थिर दिव्यांनी होत नाही. रात्री वाघ पाहायचीच हौस असेल तर ती उद्यानात भागवावी आणि जंगलाला त्याची रात्र राहू द्यावी.

आपल्याकडे असे उद्यान व्हावे, ही कल्पना नवी नाही. ग्रेटर नोएडाचा प्रस्ताव अनेक वर्षे चर्चेत राहून रेंगाळला. पुढे २०२२ मध्ये उत्तर प्रदेशच्या मंत्रिमंडळाने लखनौच्या कुकरैल वनक्षेत्रात रात्रीच्या सफारीला मंजुरी दिली. आशियात इतरत्र थायलंडमध्ये चियांग माई येथे २००६ पासून असे उद्यान चालू आहे.

महाराष्ट्रात ते करायचे झाल्यास पैशापेक्षा सूर्याचा आणि पावसाचा विचार आधी करावा लागेल. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर असल्याने तेथे वर्षभर सूर्य सायंकाळी सहा-पन्नास ते सात-वीसच्या दरम्यान मावळतो आणि संधिप्रकाशही लवकर संपतो. त्यामुळे सव्वासातची वेळ जानेवारीत आणि जुलैत सारखीच चालते. मुंबईत हा फरक सुमारे सव्वा तासाचा आहे : नोव्हेंबरअखेरीस सहा वाजता, जुलैच्या आरंभी सात-वीसच्या सुमारास. लंडनमध्ये तर जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, म्हणून तेथे असे उद्यान उन्हाळी सुट्टीत चालवणे अशक्यच. सव्वा तासाचा फरक वेळापत्रक बदलून सांभाळता येईल. परंतु सह्याद्रीच्या पश्चिमेला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उघड्या ट्रॅममधून कोणी फिरणार नाही आणि विदर्भात मे महिन्यात रात्री दहालाही जमीन तापलेली असते. वर्षातले पाच महिने प्राण्यांचा, रखवालदारांचा आणि पशुवैद्यांचा खर्च तिकिटांशिवाय चालवण्याची तयारी ज्या संस्थेची असेल, तिनेच यात पडावे.